दोनातून सात जात नाहीत

घटक: हातच्याची वजाबाकी

तिसरीच्या वर्गात बावन्न मुलं होती. त्यांपैकी सत्तावीस मुलांना हातच्याची वजाबाकी येत होती आणि उरलेल्या पस्तीस मुलांना येत नव्हती. परिस्थिती गंभीर होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती, कारण अजून कुणी तिला हात लावलेला नव्हता.

न येणाऱ्यांत बाईंची सख्खी भाची होती. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. बाई, बाईंची धाकटी बहीण आणि बहिणीची ही लेक, असं तिघींचं घर. बहीण पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची, आणि शिवता शिवता बाईंनाही दोन टाके घालायची.

"ताई, जगाची पोरं शिकवतेस. घरची तेवढी कोरडी ठेवलीस."

"मी बघते ना."

"तू गेल्या वर्षापासून बघतेच आहेस. यंदा ही तिसरीतच बसली तर मैत्रिणी जातील पुढे, आणि ही राहील बाकावर एकटी गरगर फिरत."

बाईंनी भिंगरीला समोर बसवलं. तिची अडचण साधी होती. दोनातून सात जात नाहीत, हे तिला पूर्ण मान्य होतं. जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढायची.

"अगं, उलटं का करतेस?"

"मावशी, ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडूनच काढायचं ना? दोनाकडे आधीच कमी आहे बिचाऱ्याकडे."

हे उत्तर चूक आहे हे बाईंना माहीत होतं. का चूक आहे हे सांगताना मात्र त्या दोनदा पाणी प्यायल्या.

साहित्य: बटणांचा डबा (बहिणीचा). दोरा (बहिणीचाच). कल्पना (बाईंची).

कृती

दहा बटणं दोऱ्यात ओवायची आणि फासगाठ मारायची. झाली एक माळ, हा दशक. बाकीची बटणं सुटी, ते एकक. सुटी कमी पडली की एका माळेची गाठ ओढायची. दहा बटणं हातात घळघळ पडतात आणि हातचा म्हणजे काय ते हातालाच कळतं. डोक्याला नंतर कळवलं तरी चालतं.

उदाहरण म्हणून बाईंनी वर्गाचाच पट घेतला. वर्गात भिंगरीपुढे पाच माळा आणि दोन सुटी बटणं ठेवली आणि म्हणाल्या, "यातली सत्तावीस मला दे."

भिंगरीने दोन माळा दिल्या. मग सात सुटी द्यायला गेली, तर सुटी दोनच. ती बटणांकडे बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच ती एका जागी स्थिर बसली होती. मग तिचं बोट हळूच तिसऱ्या माळेच्या गाठीपाशी गेलं.

"मावशी, ही सोडली तर?"

"शाळेत बाई म्हणायचं," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारात साहेब उभे राहिले. विभागाचे साहेब. सगळी मुलं स्वागतासाठी ताडकन उठली आणि सगळी बटणं जमिनीवर गेली. गाठ राहिली ती राहिलीच.

"हे काय चाललंय?"

"कृतीतून गणित, साहेब. बावन्नातल्या सत्तावीसांना येतंच. हे उरलेल्यांसाठी."

"उरलेले किती?"

"पस्तीस, साहेब."

"पस्तीस!" साहेबांनी आकडा गोळीसारखा तोंडात घोळवला. "वा. भरीव आकडा आहे. बाई, याची योजना झाली पाहिजे."

योजनेचं नाव ठरलं 'पस्तिशी'. घोषवाक्य ठरलं 'हात लावा, गणित शिका'. समिती बसली. अध्यक्ष म्हणून बाई नेमल्या गेल्या, कारण समितीत बटणाला प्रत्यक्ष हात लावलेल्या त्या एकट्याच होत्या. बाईंना हुरूप आला. त्यांच्या आयुष्यात त्यांचं ऐकायला टेबलाभोवती इतकी माणसं कधी बसली नव्हती. बसणारी सगळी बाकावरची असत, आणि तीही ऐकत नसत.

कृती (सुधारित)

पहिल्याच बैठकीत बाईंनी स्वतःहून विचारलं, "एखाद्या बालकाने बटण गिळलं तर?"

हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. शाळेच्या हेडसरांनी कौतुकाने मान हलवली. साहेब म्हणाले, "याला म्हणतात दूरदृष्टी." बाई लाजल्या आणि तिथेच फसल्या.

बटण मुलाच्या तोंडापेक्षा मोठं असावं, असं ठरलं. त्यासाठी तोंडं मोजणं आलं. सगळा वर्ग रांगेत आ वासून उभा राहिला आणि बाई पट्टी घेऊन फिरल्या. सरासरी काढावी असं कुणीतरी सुचवलं, पण सुरक्षिततेत सरासरी चालत नाही, हे बाईंनीच ठणकावून सांगितलं. सर्वांत मोठं तोंड प्रमाण मानावं. सर्वांत मोठं तोंड भिंगरीचं निघालं. तिने आणखी थोडं ताणूनही दाखवलं.

नवीन बटणं जेवणाच्या ताटाएवढी आली. चार भोकांची, लाल, चकचकीत. एका बाकावर एकच मावत होतं.

कृती (सुधारित, अंतिम)

आता दोरा. दोरा गळ्याभोवती अडकू शकतो. हीही शंका बाईंचीच. त्यामुळे दोऱ्याऐवजी बटणांच्या पोटातून लोखंडी सळई घालून दोन्ही टोकं वेल्डिंगने पक्की करून घेतली. अशी माळ कधीही सुटणार नाही, अशी हमी मिळाली. दशक इतका मजबूत झाला की त्याचे एकक करायला आता लोहार बोलवावा लागला असता.

"सुटत नाही तर हातचा कसा घ्यायचा?" बाईंच्या मनात आलं. पण तोवर त्यांच्या खुर्चीला हात टेकायची सोय झाली होती. शंका त्यांनी गिळली. ती पुरेशी लहान होती.

कृती (सुधारित, अंतिम, पुन्हा सुधारित)

माळ कुणाच्या पायावर पडू नये म्हणून साहित्य कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली हेडसरांच्या खिशात.

"सर, किल्ली?" बाईंनी विचारलं.

"कशाला?"

"मुलांना दाखवायला."

"दाखवाल हो. मग पोरं हात लावतील."

त्यामुळे बटणांचा फोटो भिंतीवर आला. फोटोलाही हात लागून डाग पडायला लागले, तेव्हा बाईंनी शेवटची सुधारणा केली: मुलांनी हाताची घडी घालावी, डोळे मिटावेत आणि बटण मनातल्या मनात उचलावं. वर्ग एका सुरात ओरडू लागला, "हात लावा, गणित शिका!" आणि काखेत आणखी घट्ट हात दाबू लागला.

अशा बावन्न मुलांच्या रांगांमधून बाई फिरत. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असे. भिंगरीसुद्धा फिरत नसे. घरी मात्र ती दोरीचं काहीही दिसलं की त्याच्या गाठीशी खेळत बसायची. परकराची नाडी, बुटाची लेस, पिशवीचं तोंड.

"डबा काढ ना आपल्या कपाटातून, ताई," बहीण म्हणाली. "माझा तो जुना. अर्ध्या तासाचं काम."

"ती पद्धत आता प्रमाणित नाही."

"कुणी ठरवलं?"

"समितीने."

"समितीत कोण आहे?"

बाईंनी भाजी चिरायला घेतली.

सादरीकरण

समारंभाच्या दिवशी हेडसरांनी ताकीद दिली: विभागाची इभ्रत आहे, मंचावर जो चुकेल तो पुढचं वर्षभर तिसरीतच. मंचावर पस्तीस खुर्च्या मांडल्या होत्या. न येणारी सगळी मुलं, जी आता योजनेनुसार येणारी झाली होती, रांगेने जाऊन बसली. दहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

हेडसरांनी मोजलं. बाईंनी मोजलं. मुलांना उठवून परत बसवलं. दहा रिकाम्याच.

"दहा पोरं गेली कुठे?" हेडसर घामाघूम झाले. पाण्याच्या टाकीमागे शोधलं. मुताऱ्यांत शोधलं. कुणीतरी म्हणालं, साथ चालू आहे. कुणीतरी म्हणालं, आईबापांचं लक्षच नसतं हल्ली.

बाहेर साहेबांची गाडी आली. हेडसर पटांगणात धावले. तिथे चौथीची मुलं स्वागताला हातात हात गुंफून उभी होती, एका रांगेत दहा.

"यातली एक रांग द्या!" हेडसर चौथीच्या मास्तरांना म्हणाले.

"आमची का?"

"अहो, उसनी घेतोय. खाणार आहे का?" आणि ते रांगेवर ओरडले, "हात सोडा! सुटे व्हा! पळा मंचावर!"

हात सुटले. दहा मुलं पटांगणात पसरली आणि एकेकटी धावत येऊन एकेका खुर्चीवर बसली. भिंगरीचा तोच मोजून घेतलेला जबडा उघडा पडला.

"मावशी! गाठ सुटली!"

"बाई म्हणायचं. आणि हाताची घडी."

साहेब आले. भाषण झालं. बाईंच्या गळ्यात पदक घातलं गेलं: ताटाएवढं लाल बटण. मग साहेब म्हणाले, "यांच्यातलं कुणीही उत्तर देईल. कुणीही!" आणि त्यांनी भिंगरीकडे बोट केलं, कारण ती तेवढी हलत होती.

"सांग बाळ. बावन्नातून सत्तावीस गेले. उरले किती?"

प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. उत्तर साहेबांच्या मागे कापडावर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलंच होतं, ते योजनेचं नावच होतं. पहिल्या रांगेत बहीण गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून आली होती. ती पुढे वाकली.

भिंगरीने कापडाकडे बघितलं. मग हातांची घडी सोडली आणि हवेतच दोन बोटांनी काहीतरी ओढलं.

"पंचवीस."

सभेत कुणीतरी हसलं. साहेबही हसले. "बाळ, मागे बघ."

"बघितलं. पंचवीस."

"बाई?" साहेब म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. कुणाला दिसणार नाही अशा बेताने तिथे हवेतच एक माळ सोडली. दहा आणि दोन, बारा. बारातून सात गेले, पाच. माळा उरल्या दोन. पंचवीस. त्यांनी पुन्हा माळ सोडली. पुन्हा पंचवीस. तेव्हा त्यांना कळलं की ती दहा मुलं टाकीमागेही नव्हती आणि आजारीही नव्हती. त्या दिवशी साहेब दारात उभे असताना बाईंनीच घाईघाईत सातातून दोन काढले होते आणि दहा मुलांना जन्म दिला होता. त्यानंतर त्यांच्यासाठी बटणं आली, खुर्च्या आल्या, त्यांची प्रगतीही झाली.

बाईंची मान खाली गेली. लाजेने म्हणावं तर पदकाचं वजनही भरपूर होतं.

"चूक," बाई म्हणाल्या.

"मावशी, तू माळ सोडून बघ ना!"

"बाई म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आणि तू नाही, तुम्ही."

टाळ्या झाल्या. उसनी आणलेली दहा मुलं सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मूल्यमापन

भिंगरी तिसरीतच राहिली. बाई इतर शाळांना पस्तिशी शिकवायला जाऊ लागल्या.

त्या संध्याकाळी बहिणीने मशीन चालवलं नाही. बाई पदक काढून टेबलावर ठेवायला गेल्या तेव्हा तिने ते हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं, चारही भोकांतून पलीकडे बघितलं.

"चांगलं आहे गं, ताई. शिवून देऊ?"

"कुठे?"

"तोंडावर. तोंडापेक्षा मोठंच आहे ना? बसेल मापात."

खाली फरशीवर भिंगरी जुना डबा पालथा करून बसली होती. माळ ओवायची, गाठ मारायची, ओढायची. बटणं घळघळ पडायची. ती पुन्हा ओवायची.

स्वाध्याय

बाईंना नावं ठेवून झाली असतील तर गोष्टीचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. तिथे बावन्न मुलं होती, सत्तावीसांना येत होतं आणि उरलेली पस्तीस होती. तुमच्या दारात कुठलेही साहेब उभे नव्हते. तुम्हाला कसलीही घाई नव्हती. हातही तुमचे मोकळेच होते. तरी तुम्ही मान डोलावून पुढच्या ओळीवर गेलात.

थांबला असाल, तर उत्तम. मंचावर मात्र जाऊ नका.

थांबला नसाल, तर काळजीचं कारण नाही. समारंभातल्या खुर्च्या आता तिसरीच्या वर्गात मांडल्या आहेत. भिंगरीच्या शेजारी दहा अजून रिकाम्याच आहेत, आणि त्या कुणासाठी आहेत हा शाळेला इतके दिवस प्रश्न पडला होता.

या. बसा. हाताची घडी.