दिव्याच्या कपाटाची मोहीम

लहानथोर सकळांस विदित व्हावे जे, समुद्राच्या ज्या मुलखात अन्नाचा कण मिळणे मुश्कील, तेथे डोळ्यांस न दिसणारी जीवाणूंची फौज नांदते, आणि रसद तुटली तरी उजेड धरून त्याच्या बळावर तग धरते, ऐसा दावा राजमान्य संशोधक बाईंनी मांडिला. मग पुराव्याकारणे समुद्राचे पाणी भरोन एक बाटली प्रयोगशाळेतील दिव्याच्या कपाटात उजेडी ठेविली, आणि दुसरी काळ्या कागदात गुंडाळून तेथेच अंधारकोठडीत टाकिली. परंतु कपाटावर शेजारच्या विभागाचा डोळा. थोरल्या साहेबांचे फर्मान सुटले की, शुक्रवारी दोहींत फरक दाखवावा, न पेक्षा कपाट शेजाऱ्यांचे हवाली करावे.

शुक्रवारी पाहतात तो दोन्ही बाटल्या सारख्याच गढूळ, दोन्ही फौजा सारख्याच धष्टपुष्ट! बाईंचे धाबे दणाणले. मग तपास चालला, आणि फितूर निघाले ते खासे थोरले साहेबच. अंतःकरण मोठे दयाळू. येता-जाता कपाट उघडोन दोहींत पौष्टिक अर्काची कुमक ओतीत.

“अहो बाई, उपाशी होते हो बिचारे! मला बघवेना.”

“साहेब, उपाशी आहेत म्हणून तर उजेडाला धरून राहतात! पोट भरल्यावर कोण कशाला बघतंय तिकडे?”

साहेब वरमले आणि आठवड्याची मुदत बहाल केली. मग बाईंनी कोऱ्या पाण्यात नवी फौज उतरविली, कपाटास कुलूप घातले आणि किल्ली गळ्यात अडकविली. साहेब चमचा घेऊन कपाटाभोवती घिरट्या घालीत, आणि एक थेंब तरी घालू द्यावा म्हणोन अर्ज करीत. अर्ज नामंजूर जाहला.

मुदत भरली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो अंधारातील फौज भुकेने गारद, आणि उजेडातील बरीचशी जागेवर कायम! शेजारी हात चोळीत परतले.

विजयाप्रीत्यर्थ साहेबांनी भोजन दिले, आणि उपासाची मसलत मूळची आपलीच, ऐसे भर सभेत जाहीर केले. बाईंनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. मग दिवे मालवून त्यांनी पडद्यावर आपली चित्रे लाविली, आणि पहिल्याच चित्राला साहेबांची मान छातीवर आली, दुसऱ्याला अवघ्या दरबाराची.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कपाट बाईंकडे कायम, किल्ली गळ्यात कायम. पडद्यावर लख्ख उजेड होता, आणि पोटभर जेवलेली सभा घोरत होती, हेही दप्तरी नमूद असावे.