साळिंदरांच्या उपाशी उशा

एका जंगलात, जिथे रस्ते नव्हते पण सगळ्यांना घाई असायची, शलाका नावाची साळिंदराची मुलगी राहत होती.

मुलांनो, साळिंदराच्या अंगावर इतके काटे असतात की त्याला कोणी जवळ घेत नसेल, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही त्यांच्या घरी कधी गेला नाहीत. तिथे सगळे एकमेकांच्या अंगावरच बसलेले असतात.

शलाकाच्या बिळात एक मोठी बैठक होती. सगळे तिथेच जेवत, भांडत आणि झोपत. बाबा घोरत. आजोबा खोकत. ठकूआत्या झोपेतसुद्धा कोणाचं तरी लग्न जमवत असे. आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते.

एकदा करांद्यांचे कंद साठवायची मागची खोली रिकामी झाली आणि आईने ती शलाकाला दिली. खोलीला दार नव्हतं, उजेड नव्हता, आणि वास करांद्यांचा होता. पण ती तिची होती. तिथे कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. शलाकाला जगाकडून एवढंच हवं होतं.

त्या जंगलात एक मोरही होता. तो रोज संध्याकाळी खडकावर चढून, झोपायच्या खोलीचा कायापालट कसा करावा ते दाखवायचा. खाली जमलेले प्राणी, आवडलं की शेपट्या हलवायचे. ज्यांना शेपटी नव्हती ते दुसऱ्याची हलवायचे. मोर स्वतः झाडावर झोपतो आणि त्याला खोलीच नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी शेपट्या थांबल्या नसत्या.

त्या आठवड्यात मोराने तुकडे जोडून गोधडीसारख्या शिवलेल्या उशा दाखवल्या. शलाकाने गर्दीच्या मागे उभं राहून सगळं पाहून घेतलं. सापाने टाकलेली पांढरी कात आणि रानकेळीच्या खोडाचं तपकिरी सोपट, एवढे दोनच रंग तिने ठरवले. आत सावरीचा कापूस. उशा चार. मधे ती, आणि शांतता.

सुईचा प्रश्न नव्हता. सुया तिच्या पाठीवरच होत्या.

ती कोपऱ्यात बसून पहिला धावदोरा घालत होती, तेवढ्यात आई आली.

"एवढं एकटीनं करायला आम्ही काय मेलोय का?"

शलाका म्हणाली, "नको."

पण तिचा आवाज इतका बारीक होता की 'नको' मिशांपर्यंत येऊन विरून जाई. शिवाय त्या घरात असा समज होता की नको म्हणणारा लाजत असतो आणि त्याला दोनदा वाढायचं असतं.

त्यामुळे सगळे आले.

बाबांनी मापं घ्यायला सुरुवात केली आणि ती घेतच राहिले. आजोबांनी एका उशीतला निम्मा कापूस काढून टाकला, कारण त्यांच्या मानेला उंच उशी चालत नसे. आत्या म्हणाली की पांढरा आणि तपकिरी हे आजारी माणसाचे रंग आहेत, आणि तिने कडेने पळसाची फुलं आणि रानकोंबड्याची पिसं लावली. आईने शलाकाचं लहानपणचं झबलं आणून एका उशीच्या अगदी मधोमध जोडलं. त्यावरचा डागही दिसावा म्हणून तिने तो वरच्या बाजूला घेतला.

शलाका दोरा ओवून देत राहिली. तिच्या वाट्याला तेवढंच काम उरलं होतं.

उशांची तोंडं शिवायची वेळ आली तेव्हा आत्याने सगळ्यांना थांबवलं. साळिंदरांत एक रीत होती. उशी बंद करण्यापूर्वी तिला घास भरवायचा, म्हणजे कापसात करांद्याचा एक तुकडा ठेवायचा. उपाशी उशी झोपणाऱ्याची झोप खाते म्हणे. आणि ज्याने घास भरवला, त्याचा त्या उशीवर जन्मभराचा हक्क. त्याने कधीही यावं आणि डोकं टेकावं.

ही रीत सगळ्यांना पाठ होती, म्हणूनच त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. आत्याने सगळ्यांदेखत चारही उशांना घास भरवला. ती हात धुवायला गेल्यावर बाबांनी हळूच भरवला. बाबांनी पाठ फिरवताच आजोबांनी. शेवटी तोंडं शिवता शिवता आईने.

शलाका आपली पाळी यायची वाट बघत होती. करांद्याचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. उशा बंद झाल्या.

खोली मात्र सुरेख दिसू लागली. आजोबा म्हणाले, पाच मिनिटं टेकतो. आत्या त्यांच्याशी बोलायला बसली. त्या दोघांचं भांडण सोडवायला बाबा आले आणि आडवे झाले. आई सगळ्यांचं जेवण तिथेच घेऊन आली. मौजेची गोष्ट निघाली की साळिंदरांचे काटे फुलतात. ते उशांत घुसत आणि कापूस खोलीभर उडे. भरवलेल्या घासांना वास येऊ लागला. किती घरगुती वाटतं, असं सगळे म्हणाले.

रात्र झाली तरी कोणी उठेना. शलाका दाराच्या जागी उभी होती. शेवटी ती पुढे झाली आणि झबल्याच्या उशीच्या टोकावर तिने डोकं टेकलं.

आत्याने एक डोळा उघडला.

"शलू, तुझा घास कुठल्या उशीत आहे गं?"

शलाकाने हातातला तुकडा पुढे केला.

"भरवलाच नाहीस? मग असं कसं, बाळ?"

आईला वाईट वाटलं. ती म्हणाली, "वन्सं, लेकरू आहे, टेकू द्या." आत्या म्हणाली की तिचं स्वतःचं काहीच म्हणणं नाही, पण रीत ही रीत. बाबांनी या विषयावर घोरून घेतलं.

शलाका उठली. तिला रडू येत होतं, पण रडताना सगळे बघतील म्हणून तिने ते बैठकीत नेलं.

बैठकीत कोणी नव्हतं.

ती रडायची थांबली. इतकी मोठी जागा तिने रिकामी कधी पाहिलीच नव्हती. घोरणं लांबून येत होतं, आणि लांबून ते बरंच बरं वाटत होतं. जमीन थंड होती. तिने पाय पसरले. ते कोणाला लागले नाहीत. तिने काटे फुलवून पाहिले. ते कशात घुसले नाहीत.

मग तिने हातातला करांद्याचा तुकडा बैठकीच्या मधोमध उकरून पुरला आणि वरून माती दाबली.

सकाळी बाबा मान चोळत बाहेर आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "इथं बरंच मोकळं झालंय. आपण सगळे मिळून जरा सजवू या का?"

मागोमाग आत्या पिसं घेऊन आलीच.

"नको," शलाका म्हणाली. आवाज नेहमीसारखाच बारीक होता. म्हणून तिने पायाच्या बोटाने माती दाखवली. "इथला घास मी भरवलाय."

आत्याने माती पाहिली. वास घेतला. करांदाच होता.

रीत ही रीत. दोघंही आल्या पावली आत गेले. तिथे उशांवरून भांडण सुरू झालं होतं, आणि ते सोडवायला सगळेच लागणार होते.

तात्पर्य : घरच्यांच्या मदतीला कधी नको म्हणू नये. त्यांना आपली खोली सजवायला द्यावी. ती त्यांना हमखास आवडते आणि बाकीचं घर आपल्याला मिळतं.