ग्रुपवरचे अंगठे

सृष्टीने जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "ताईच्या लग्नात सूत्रसंचालन मी करणार. इंग्लिशमध्ये!"

"मग पाहुण्यांना मराठीत कोण सांगणार?" बाबांनी, म्हणजे भीमरावांनी, आमटीतून नजर न काढता विचारलं. पुण्यात कौतुक करतात ते असं!

पण दहावीतल्या मुलीचा आत्मविश्वास म्हणजे उतारावरची सायकल. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी आरामात येतं, इंग्रजीत त्याला कर्त्याजवळ पुढे ओढायचं. त्याला चिकटलेलं 'ऑफ', 'डाउन', 'अवे' हे शेपूट तर अजिबात विसरायचं नाही! रोज अशी वाक्यं बोलून क्लासच्या ग्रुपवर पाठवायची. "आणि जीव ओतून बोला. खरं वाटलं पाहिजे!"

सृष्टीने बादलीभर जीव ओतला. घरात लग्नाशिवाय विषय नव्हता, म्हणून वाक्यंही लग्नाचीच. 'कॉल ऑफ' झालं, 'ब्रेक डाउन' झालं, 'रन अवे' झालं. शेवटी एक हुंदकाही दिला! मग तिने ते ऐटीत पाठवलं. क्लासच्या ग्रुपवर नाही. 'शर्मिला-धम्मदीप मंगल परिणय' या ग्रुपवर!

आता या ग्रुपची रीत सांगायला हवी. नवरदेव धम्मदीप हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे हॉल, मेनू, सगळं इंग्रजीत टाकायचा. 'कळलं नाही' म्हणायची दोन्ही घरांत कुणाची छाती नव्हती. सगळे मुकाट अंगठा टाकायचे आणि कामाला लागायचे.

आजही पहिला अंगठा भीमरावांचाच पडला. पाठोपाठ धम्मदीपच्या आईचा, चंद्रभागाबाईंचा. मग आत्या, मावश्या, मेहुणे. मच्छिंद्रमामांनी तर अंगठ्यासोबत गुलाबाचं फूलही दिलं.

संध्याकाळी दारात धम्मदीप उभा! घामाघूम, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. हिंजवडीहून एवढ्या लवकर पोचलेला माणूस या घराने प्रथमच पाहिला.

"काका, माझं काय चुकलं?"

"कुठे काय? बसा की. सृष्टी, पाणी आण गं!"

"लग्न मोडलंत, शर्मिला रडून रडून कोसळली, मी म्हणे मेकअपवालीबरोबर पळून गेलो! सृष्टीने हुंदके देत सांगितलंय ग्रुपवर. आणि तुम्ही त्याला अंगठा दिलात?"

भीमरावांनी शांतपणे चष्मा पुसला. "मला वाटलं, मेनू आहे."

"मेनू सांगताना कुणी रडतं का?"

"पनीर कमी केलं असेल, म्हटलं."

"आणि ही फोनसुद्धा उचलत नाही!"

"कशाने उचलू?" आतून शर्मिला दोन्ही हातांना ओली मेंदी लावून आली. "नमुना बघतेय मेंदीचा. कोण कोसळलंय?"

धम्मदीपने रेकॉर्डिंग लावलं. हुंदका येईपर्यंत शर्मिलाचा चेहरा रंगलेल्या मेंदीपेक्षा लाल झाला होता.

"सृष्टे!"

"अगं ताई, सराव होता! पण उच्चार किती स्पष्ट आलेत, नाही?"

"तेवढेच नसते आले तर बरं झालं असतं," धम्मदीप म्हणाला आणि एकदाचा खुर्चीत बसला.

"आत्ताच्या आत्ता ग्रुपवर माफी माग," शर्मिला कडाडली. "मराठीत! सगळ्यांना कळेल असं!"

सृष्टीने लिहिलं, 'लग्न मोडल्याचं आणि जिजू पळून गेल्याचं मी सकाळी सांगितलं, तो माझा इंग्रजीचा सराव होता. क्षमस्व.' एकही शेपूट नाही. स्वच्छ मराठी!

या वेळी एकसुद्धा अंगठा आला नाही. फोन आले. घरातले सगळे एकदम वाजायला लागले!

पहिला चंद्रभागाबाईंचा. "अगं बाई! लग्न मोडलं होतं? आणि आम्हाला आत्ता सांगताय?"

सूत्रसंचालन मच्छिंद्रमामा करणार आहेत. मराठीत.