बागूल नानांची फरशी

बागूल नाना बुश, म्हणजे मोटारीत बसणारी लोखंडाची छोटी नळी, खाली टाकून पास करायचे. साध्या जमिनीवर नाही हं. त्यासाठी त्यांनी सटाण्याहून शहाबादी फरशीचा एक तुकडा आणून भट्टीशेजारी ठेवला होता. त्यावर कोणी चुकून डबा ठेवला, की नाना दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. बुश टाकायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. ठण्ण वाजला तर "बोलका शे." थप्प वाजला तर "मुका शे," म्हणजे नापास. शेजारच्या एसी खोलीत कडकपणा मोजायचं मशीन होतं, त्याला नाना 'टीव्ही' म्हणत.

अंबडच्या आमच्या कारखान्यात लोखंडाची पूड साच्यात दाबून मोटारीचे बुश बनतात. साच्यातून निघालेला बुश दिसतो पक्का, पण चिमटीत जोरात धरला तर बिस्किटासारखा मोडतो. मग तो पट्ट्यावरून सावकाश भट्टीतून जातो. आत लोखंड वितळत नाही, नुसते कण एकमेकांना घट्ट धरतात. या भट्टीचे नाना प्रमुख. कच्च्या बुशांच्या ट्रेजवळ कोणाला मोठ्याने हसूही देत नसत. एकदा खुद्द साहेबांना शिंक आली, तर म्हणाले, "साहेब, बाहेर जाऊन शिंका. कच्चं शे."

मी नवी इंजिनिअर, अजून कायम न झालेली. बाबांचं काम सुटलेलं, घर माझ्यावरच. त्या दुपारी गाडी दारात उभी, माल भट्टीत आणि नाना जेवायला गेलेले. मी शहाणपणा केला आणि पट्ट्याचा वेग वाढवला.

माल वेळेत निघाला. रंग तोच, माप तेच. नाना आले, त्यांनी बुश टाकला. थप्प. दुसरा टाकला. थप्प. अख्खा लॉट वाया, गाडी रिकामी परत.

साहेब तणतणत आले. "वेग कोणी वाढवला?"

नाना शांतपणे म्हणाले, "मीच. वय झालं साहेब, चुकलं."

साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली. नाना मान खाली घालून ऐकत राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये जाऊन मी खरं ते सांगून टाकलं. साहेब चक्क हसले. "नाना कालच सांगून गेलेत. म्हणाले, ती पोरगी येईल, माझी चूक स्वतःवर घेईल, अजिबात ऐकू नका. मन लय मोठं आहे तिचं."

महिन्याभराने मी कायम झाले. पत्र घेऊन सिडकोत नानांच्या घरी गेले. नानी गेलेल्या, मूलबाळ नाही. ओट्यावर एक ताट, एक पेला. मी पाया पडले. "नाना, ही नोकरी तुमच्यामुळे आहे. कशी फेडू?"

"वाच की काय लिहिलंय ते."

मी इंग्रजीचं मराठी करत वाचलं. नाना भिंतीला टेकून बसले होते.

"आजून एक डाव वाच, माय."

परत वाचलं. संपलं तसे ते घाईने उठले.

"जायची गडबड नाही ना तुला? मी चहा टाकतो. तू वाचत रहा."