तारेतले कलेक्टर

मल्लिकार्जुनअप्पांच्या तुरीच्या गोदामात दोन फ्रेंच गाड्या उभ्या होत्या, एक बुगाती आणि एक दलाहे. निजामाचं राज्य गेलं तेव्हा अप्पांच्या वडिलांनी त्या एका नवाबाच्या लिलावात घेतल्या; गोदाम रिकामं होतं, एवढंच कारण. तेव्हापासून बुगातीत कोंबड्या अंडी घालत होत्या आणि दलाहेवर रिकामी पोती पडत होती.

पुतण्या सिद्धेश्वर बी.एस्सी. होऊन उदगीरहून परतला आणि त्यानं दोन्ही गाड्या टेपनं मोजल्या, पुस्तकं मागवून वाचली. बुगातीचं इंजिन आठ सिलिंडरचं, घड्याळासारखं नाजूक. दलाहेचं सहाचं, मुळात मालट्रकचं. तरी चोवीस तासांची शर्यत दोघींच्याही जातभाईंनी जिंकलेली. मग जास्त मोलाची कुठली? ठरेना, म्हणून त्यानं हैदराबादच्या एका मोटारींच्या दलालाला पत्र टाकलं.

उत्तराची तार आली तेव्हा तो उदगीरला गेला होता. तार पोस्टमननंच वाचून दाखवली: ‘कलेक्टर गुरुवारी येतात. दोन्ही गाड्या पाहतील.’

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते, विहिरीत चिखल उरला होता, आणि गावाच्या बोअरचा कागद जुन्या जिल्ह्यातून नव्यात यायचा होता.

संध्याकाळी सिद्धेश्वर परतला तर बुगाती निथळत उभी.

“काकू, हे काय?”

“धुतली,” शिवकांताकाकू म्हणाल्या. “टँकरच्या आठ घागरी गेल्या. दुसरीला पाणी पुरलं न्हाई.”

“पण कशाला?”

“कशाला म्हंजे? कलेक्टर येऊन राहिलेत! गाडी बघतील, तवर बोअर मागून घिऊ.”

सिद्धेश्वरनं तार वाचली. “काकू, हे जिल्ह्याचे न्हाईत. जुन्या मोटारी जमवणाऱ्यालाबी इंग्रजीत कलेक्टरच म्हणतात.”

“हाव का! मग आपला भंगारवाला ग्यानोबा केवढा मोठा कलेक्टर!” काकूंनी विषय संपवला.

गुरुवारी हैदराबादचे एक गृहस्थ उतरले. गळ्यात हार पडला, हलगी वाजली. ते गोंधळले, पण सुखावले. बुगातीपाशी गेले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“किसने धोया?”

काथ्यानं घासल्यावर पंचेचाळीस वर्षांचा मूळ रंग घागरींबरोबर वाहून गेला होता. मग त्यांनी दलाहेच्या धुळीत बोट ओढलं. खाली निळा रंग जसाच्या तसा दिसला. त्यांचे डोळे भरून आले. “ये वाली लूँगा. ऐसी ही. झाडना भी मत.”

“चकचकीत सोडून मळकी?” अप्पा पुतण्याच्या कानाशी लागले. “लेका, ह्यो माणूस शुद्धीत हाय का?”

तेवढ्यात काकूंनी बोअरचा अर्ज पुढे केला. पाहुण्यांना मराठी वाचता येईना. त्यांनी सिद्धेश्वरला विचारलं, “क्या लिखा है?”

“गाँव में पानी नहीं है, इतनाच.”

“सच है?”

“सच है.”

त्यांनी सही केली आणि सवयीनं खाली इंग्रजीत ‘कलेक्टर’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सिद्धेश्वरला ओढतच लातूरच्या कचेरीत नेलं. कारकुनानं कागद उजेडात धरला. नव्या साहेबांची सही त्यानं अजून पाहिली नव्हती.

“ही कलेक्टरांचीच ना?”

सिद्धेश्वरला खोटं बोलायची सवय नव्हती. काकूंनी दाखवायला आणलेल्या रिकाम्या कळशीकडे पाहत त्यानं नीट विचार केला. “कलेक्टरांचीच.”

“सोता आलते गावात?”

“हाव.”

“मग? काय म्हणले?”

“काही न्हाई. नुसती धूळ बघितली अन् त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“असा माणूस पायजे राव,” म्हणत कारकुनानं शिक्का मारला.