भूमापन खात्याचा तंबू

तंबू दहा मिनिटांत उभा राहतो, असं ग्रंथपालने विमानतळावरच सांगून टाकलं होतं. "माझं निम्मं बालपण या तंबूत गेलंय. डोळे बांधा, तरी उभा करून दाखवते."

डोळे बांधायची वेळ आली नाही, कारण तंबू वजनाच्या काट्यावर चढवतानाच तिघींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हा तंबू दुकानात मिळणारा, छत्रीसारखा फटकन उघडणारा प्रकार नव्हता. ग्रंथपालचे वडील भूमापन खात्यात होते. जमिनी मोजत रानोमाळ हिंडायचे. खात्याने नवे तंबू घेतले तेव्हा जुन्यातला एक त्यांनी रीतसर अर्ज करून घरी आणला होता. जाड पांढरं कापड, चार खांब, बावीस खुंट्या, शिवाय एक घडीचं टेबल आणि एक घडीची खुर्ची. काट्यावरचा आकडा बघून काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आत कोणी बसलंय का?"

शेवटी कपड्यांच्या दोन बॅगा घरी परत गेल्या आणि तंबू परदेशी निघाला.

तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. आता चाळिशी ओलांडलेल्या. एक ग्रंथपाल. दुसरी दातांची डॉक्टर, जी कोणाशीही बोलताना डोळ्यांत न बघता जरा खाली बघते. तिसरी शाळेत खेळ शिकवते. तिच्या गळ्यात बारा महिने शिट्टी असते, म्हणून तिचं नावच शिट्टी पडलेलं. आयुष्यात कधी तरी परदेशातल्या मोठ्या संगीत महोत्सवाला जायचं, मैदानात तंबू ठोकून राहायचं, चिखलात नाचायचं, हे तिघींनी हॉस्टेलच्या गच्चीवर ठरवलं होतं. ते आता वीस वर्षांनी जमत होतं. शिट्टी तर महिनाभर आधीपासून नाचायचा सराव करत होती आणि खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा वर येऊन गेले होते.

महोत्सवात शंभरावर गाणारे होते. ग्रंथपालला मात्र एकच गाणं ऐकायचं होतं. ते गाणारी बाई आता सत्तरीपार गेली होती आणि हा आपला गाण्याचा शेवटचा उन्हाळा, असं तिने जाहीर केलं होतं. तिची रेकॉर्ड वडील दर रविवारी सकाळी लावत. "एकदा जाऊ गं," म्हणत. "अगदी पहिल्या रांगेत उभं राहून ऐकू." जायचं राहून गेलं. फेब्रुवारीत वडील गेले. तिकिटं काढताना ग्रंथपालने मैत्रिणींना एवढंच सांगितलं, "शनिवारी सहा वाजता मला पहिल्या रांगेत उभं करा. बाकी तुम्ही म्हणाल तसं." दोघींनी यावर जास्त काही विचारलं नाही. डॉक्टरने फक्त स्वतःच्या मोबाइलमध्ये साडेपाचचा गजर लावून ठेवला.

शनिवारी बाराच्या सुमारास तिघी मैदानावर पोहोचल्या. रंगीत गोळ्यांची बाटली कोणी उपडी करावी तसे शेकडो छोटे तंबू पसरले होते. कुठून तरी ढोल घुमत होता, हवेत गवताचा आणि उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता, आणि जो तो तिघींकडे बघून हसत होता. शिट्टी तिथल्या तिथे दोन उड्या मारून आली. "आपण आलोय," ती म्हणाली. "खरंच आलोय."

"आता बघा," असं म्हणत ग्रंथपालने पिशवी सोडली. झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांच्या अक्षरातला कागद डकवलेला होता.

१. प्रथम वाऱ्याची दिशा पाहणे.
२. घाई न करणे.
३. चार शिपायांस हाक मारणे.

चौथं कलम नव्हतं.

"म्हणजे तुझ्या बालपणी हा तंबू शिपाई उभा करायचे," डॉक्टर म्हणाली.

"मी समोर उभी असायचे."

"डोळे बांधून?"

अर्धा तास झटापट झाली. तंबू दोनदा डॉक्टरवर बसला. तिसऱ्यांदा आतून तिचा नुसता आवाज येऊ लागला तेव्हा शिट्टीने शिट्टी फुंकली. शाळेत या आवाजाने साडेतीनशे पोरं जागच्या जागी थिजतात. इथे अकरा माणसं धावत आली. मग काय, दोघे इकडे, चौघे तिकडे, "ओढा", "सोडा", "अहो, तुम्ही सोडू नका", असं मराठीत ओरडत आणि हातवारे करत तिने सगळ्यांना कामाला लावलं आणि वीस मिनिटांत तंबू ताठ उभा राहिला. अकराच्या अकरा जणांनी घाम पुसत मान डोलावली. इतका मोठा तंबू तीन बायकांना राहायला लागतो, हे कोणाच्या मनातही आलं नाही. ही महोत्सवाचीच काही तरी व्यवस्था असणार, असं समजून ते आपापल्या वाटेने गेले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले.

त्यात आत जागा व्हावी म्हणून ग्रंथपालने टेबल आणि खुर्ची दाराबाहेर मांडली. झालं. चौकोनी पांढरा तंबू, दारात टेबल, टेबलामागे चष्मा लावलेली बाई. जगाच्या पाठीवर कुठेही गेलात तरी याला कचेरीच म्हणतात.

पहिली बाई आली ती तिथल्या भाषेत काही तरी विचारत. त्या भाषेतली दोनच वाक्यं तिघींनी घोकून ठेवली होती. एक आभाराचं आणि दुसरं शौचालय कुठे आहे ते. बाईने नेमकं शौचालयच विचारलं. आपल्याला समजलं याचाच ग्रंथपालला इतका आनंद झाला की तिने उभं राहून, हात लांब करून दिशा दाखवली. बाईने आभार मानले. तेही समजलं. ग्रंथपालला वाटलं, आपण या देशात जन्म काढू शकू.

पाच मिनिटांत दोघे आले, मग सात आले. शिट्टीला गर्दी दिसली की तिची रांग केल्याशिवाय राहवत नाही. रांग दिसली की लोक येऊन उभे राहतात, कशाची आहे ते नंतर बघतात. दोन वाजेपर्यंत रांग आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत गेली होती. एक जण मोबाइल देऊन गेला, गवतात सापडला म्हणून. ग्रंथपालने तो घेतला आणि इथे मात्र तिचा हात घसरला. वीस वर्षांत हातात आलेली वस्तू नोंद केल्याशिवाय तिने ठेवली नव्हती. तिने प्रवासाचं टिपण लिहायला आणलेली कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, वस्तू, वर्णन, कुठे सापडली, परत घेणाऱ्याची सही.

आता मात्र कचेरी पूर्ण झाली.

तीन वाजता नारिंगी जाकीट घातलेला एक खराखुरा कार्यकर्ता आला. तिघी दचकल्या. ग्रंथपालने मनातल्या मनात माफीचं इंग्रजी वाक्य जुळवलं. त्याने तंबूकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, वही उलटून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "चला, या वर्षी कोणी तरी नीट काम करतंय," असं इंग्रजीत म्हणून त्याने एक भलं मोठं खोकं टेबलावर ठेवलं. "पलीकडच्या हरवलं-सापडलं केंद्रात जागा नाही. साडेपाचला तुमच्या जागी दुसरे लोक पाठवतो."

"अहो, पण आम्ही..." ग्रंथपाल म्हणाली. जाकीट गर्दीत दिसेनासं झालं होतं.

खोक्यात नऊ मोबाइल, पाच पासपोर्ट, एका पायातला बूट, एक तुतारी आणि रुमालात गुंडाळलेली एक कवळी होती. कवळी बघून डॉक्टर पहिल्यांदाच मनापासून खूश झाली. ती कवळी हातात धरून रांगेवरून चालत गेली, प्रत्येकाला तोंड उघडायला लावलं आणि अठराव्या माणसापाशी थांबली. त्याच्या तोंडात तिने स्वतः बसवून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आपापली दाढ दाखवणाऱ्यांची वेगळी रांग लागली.

साडेपाचला डॉक्टरचा मोबाइल वाजला. बदली माणसं आली नव्हती.

"हे सगळं मरू दे," शिट्टी म्हणाली. "ऊठ तू."

"पाच पासपोर्ट आहेत यात."

"मग आम्ही पुढे जाऊन तुझी जागा अडवतो. कोणी आलं की खोकं त्याच्या अंगावर टाक आणि पळत ये. पळता येतं ना?"

"येतं."

"दोन खांब उचलताना तुझं काय झालं ते बघितलंय मी," म्हणत शिट्टीने डॉक्टरला ओढत नेलं.

रांग ओसरली होती. सगळं मैदान एकाच दिशेने चाललं होतं. पावणेसहा झाले आणि लांबून नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी येताना दिसली. ग्रंथपालने खोकं तिच्या हातात दिलं, तिची सही घेतली, चपलेचा पट्टा घट्ट केला. स्टेज दोनशे पावलांवर होतं.

तेवढ्यात गवती टोपी घातलेला एक म्हातारा टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"माझी मुलगी हरवली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "लिहून घ्या."

"या बाईंना सांगा हं, त्या आता..." ग्रंथपालने मागे पाहिलं. ती मुलगी फक्त खोकं न्यायला आली होती आणि ते घेऊन निघालीसुद्धा होती.

"वय?" ग्रंथपालने उभ्या उभ्याच विचारलं.

"बावन्न."

लिहिता लिहिता तिचा हात थांबला. "बावन्न? आजोबा, मग हरवलंय कोण?"

"ती. मी इथेच आहे की. मला ठाऊक आहे मी कुठे आहे ते."

"तिचा नंबर?"

"तिच्या मोबाइलमध्ये आहे."

"कपडे कुठले घातलेत?"

"काही तरी निळं. काय घालते कोण जाणे, माझं ऐकते कुठे." त्याने टोपी काढून हातात धरली. लांब कुठे निळं दिसलं की तो टाचा उंचावत होता. मग त्याने टोपी टेबलावर ठेवून दिली. "आली की तिला सांगू नका, मी विचारत होतो म्हणून. उगाच डोक्यावर चढेल."

लांबून हजारो माणसांचा ओरडा उठला. ती बाई स्टेजवर आली होती.

ग्रंथपालने चपलेचा पट्टा सैल केला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. स्वतः खुंट्यांच्या पेटीवर बसली.

गाणं सुरू झालं. वारा इकडेच येत होता. पहिली ओळ स्वच्छ, अगदी हाताशी आल्यासारखी आली. ग्रंथपालच्या अंगावर काटा आला. तिने डोळे मिटले.

"हे माहीत आहे तुम्हाला?" म्हातारा म्हणाला. "फार जुनं आहे. आता बघा, इथे ती थांबेल. थांबली, बघितलंत? हे असं थांबायला छाती लागते. मुलीला मी शंभरदा सांगितलं. आता खरी गंमत पुढे आहे, नीट ऐका हं, इथे आवाज असा खाली आणते ना, इतका खाली, की माणसाला वाटतं..."

काय वाटतं ते त्याने पुरतं समजावून सांगितलं. संपलं तेव्हा बाईचा आवाज खाली जाऊन पुन्हा वरही आला होता.

ग्रंथपालने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. घरी रविवारी सकाळी रेकॉर्ड लागली की वडील हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणायचे, "आता ऐक. ही जागा ऐक. इथे ती काय करते..." आणि जागा निघून जाईपर्यंत सांगत राहायचे. तीस वर्षांत या गाण्याचा मधला भाग तिने एकदाही ऐकला नव्हता.

ती हसायला लागली. म्हातारा नाराज झाला. "हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"काही नाही. तुम्ही सांगा. पुढे काय करते ती?"

त्याने पुढचंही सगळं सांगितलं.

शेवटच्या टाळ्या पडत असताना निळ्या झग्यातली एक बाई दोन्ही हातांत कागदी पेले घेऊन धापा टाकत आली. "बाबा! कॉफी आणते म्हटलं होतं ना? दोन मिनिटं एका जागी बसा म्हटलं होतं ना?"

"एका जागीच बसलोय," म्हातारा म्हणाला आणि ग्रंथपालकडे वळला. "सापडली. सही कुठे करू?"

त्याने सही केली. वस्तू कोणत्या स्थितीत मिळाली याचा रकाना का नाही, अशी चौकशीही केली. मुलीने त्याच्या डोक्यावर टोपी घातली, दंडाला धरलं आणि दोघं भांडत भांडत गेली.

सात वाजता मैत्रिणी परतल्या. शिट्टीचा आवाज पार बसला होता, डॉक्टरच्या एका पायातला बूट गेला होता. दोघींचे चेहरे आनंदाने फुलले होते आणि तो आनंद तिच्यापुढे दाखवावा की नाही, हे दोघींनाही कळत नव्हतं.

"चौघांशी भांडले मी तुझ्या जागेसाठी," शिट्टी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "शेवटपर्यंत रिकामी ठेवली. इथून ऐकू तरी आलं का गं काही?"

"आलं की. अगदी घरी ऐकायचे तसंच. मधलं तेवढं सोडून."

"अगं, पण मधलंच तर खरं होतं," डॉक्टर म्हणाली, आणि शिट्टीचं कोपर तिच्या बरगडीत बसलं.

"हो ना," ग्रंथपाल म्हणाली. "बाबाही हेच सांगत बसायचे."