प्रेशर तपासणी

जगन घरतांचा राग पंप सुरू झाला की सुरू व्हायचा, आणि पंप तर उठसूट सुरू व्हायचा. रोह्यासमोरच्या अष्टमी गावातल्या नदीकाठ सोसायटीत कुणी साधी चूळ भरली तरी पार्किंगमधला पंप घुर्र करून उठे, आणि चौथ्या मजल्यावर जगनराव जेवणाचं ताट सरकवून उठत. "कोन हाय तो? भर दुपारचा पानी कशाला लागतंय?" असं जिन्यात वाकून ओरडत. कुणी उत्तर देत नसे, कारण उत्तर दिलं की भांडण चौथ्या मजल्यावरून खाली उतरायचं.

रागाला कारणही तसंच होतं. गच्चीवरची गळकी टाकी पाडून हा प्रेशर पंप बसवायचा हट्ट त्यांचाच. कंपनीत जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस, त्यात सोसायटीचा सेक्रेटरी. "प्रेशरचं मला शिकवू नका," म्हणाले आणि सगळे गप्प बसले. आता विजेचं बिल पाण्याहून जोरात वर चढत होतं. तळमजल्यावरचा धनेश पहिल्यापासून टाकीच्या बाजूचा. त्याच्याकडे नळ सोडला की हातातलं पातेलं उडायचं. त्याने ठराव आणला होता की पंपाची रीतसर तपासणी व्हावी, आणि पंप नालायक निघाला तर पंपानेही जावं आणि सेक्रेटरीनेही. जगनरावांनी मिशीला पीळ देत तो मान्य केला. तेव्हापासून त्यांना झोप लागत नव्हती, आणि झोप लागत नाही याचाही त्यांना राग येत होता.

तपासणीला पेणहून मनस्वी नावाची इंजिनीअर येणार होती. पाणी वर चढवायला पंप किती वीज खातो आणि त्यातली किती फुकट जाते, हे ती मोजणार होती. त्यासाठी काही वेळ इमारतीतले सगळे नळ बंद हवे होते. जगनरावांनी ग्रुपवर फर्मान काढलं: 'रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्रेशर तपासणी. पेणहून मॅडम येणार. तपासणी होईपर्यंत कुणीही पाणी घेऊ नये.'

पहिल्या मजल्यावरच्या इंदुबाईंनी ते वाचलं. बाईंचं मन मोठं आणि बोट त्याहून चपळ. एवढी चांगली सोय एकट्या सोसायटीने का उपभोगावी, म्हणून त्यांनी शेवटी 'फुकट' एवढाच शब्द जोडला आणि निरोप भजनी मंडळाला पाठवून दिला.

रविवारी जगनराव पंपाच्या खोलीची चावी घेऊन खाली आले, तर पार्किंगभर बाया बसलेल्या. बऱ्याचशा रोह्याहून पूल ओलांडून आलेल्या, दोघी तर गडब गावाहून पहिल्या एसटीने.

"हे काय चाललंय?" जगनरावांचा आवाज चढला.

"प्रेशर तपासाया आलंव," गडबची एक बाई म्हणाली. "सकालपासून पान्याचा थेंब नाय घेतला. आता लवकर आटपा, डोकं गरगरतंय."

"पानी घ्यायला कोनी मना केलं तुमाला?"

"तूच लिवलंस ना, जगन, पानी घेव नका म्हनून?" इंदुबाईंनी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला.

"ते नळाचं. इथं पंपाचं प्रेशर तपासायचंय, इंदुबाय."

"पंपाचं?" इंदुबाईंनी मैत्रिणींकडे पाहिलं. "मानसं सोडून पंपाचं कोन तपासतंय?"

जगनराव यावर पुष्कळ बोलणार होते, पण तेवढ्यात मनस्वी आली. आल्याआल्या तिने पेटी उघडली, पंपावरच्या पाइपाला पट्टा आवळला, बटण दाबलं आणि छोट्या पडद्यावरचे आकडे बघत उभी राहिली. त्यानंतर कुणाचीच समजूत घालणं शक्य नव्हतं.

"बघ गो, आदी पाइपाचं बघतंय," इंदुबाई म्हणाल्या. "मंग आपलं." बायांनी बांगड्या मागे सारून हात पुढे केले.

मनस्वीने एकदा त्या हातांकडे आणि एकदा जगनरावांकडे पाहिलं. "काका, आता एकही नळ उघडू देऊ नका. बंद नळांवर पंप किती वेळा उठतो, ते मला बघायचंय."

सगळे श्वास रोखून बसले. पंप गप्प होता. धनेशचं तोंड उतरायला लागलं, जगनरावांचं खुलायला लागलं, आणि घुर्र झालं.

"कोनी उघडला?" जगनराव जिन्याकडे धावले. एकेक दार बडवत, एकेकाची खरडपट्टी काढत चौथ्या मजल्यावर पोचले, तर त्यांच्याच घरात त्यांची बायको अनिता नळाखाली मोठं पातेलं धरून उभी.

"तू? घरचीच मानूस माझ्या मुळावर उठली?"

"खाली बाया उपाशी बसल्यात," अनिता म्हणाली. "चहा नको करू? अन् वराडताव कशाला, जीव जाईल एक दिवस."

ते धापा टाकत खाली आले, तर पंप पुन्हा उठला. गडबची बाई अंगणातल्या नळावर तोंडावर पाणी मारत होती. तिला भोवळ येत होती म्हणे. मग चहा आला, मग कप विसळले गेले. प्रत्येक घुरघुरीला जगनराव कुणावर तरी तुटून पडत होते. मनस्वी शांतपणे आकडे टिपत होती. शेवटी इंदुबाईंनीच बायांना सक्त ताकीद देऊन बसवलं आणि रोह्यातल्या आपल्या भाचीला, प्रतिक्षा नर्सला, मशीन घेऊन बोलावलं. मग पार्किंगच्या एका कोपऱ्यात पंपाचा दाब आणि दुसऱ्यात बायांचा, अशी दोन्ही कामं सुरळीत चालली.

थोड्या वेळाने मनस्वीने पट्टा सोडला. धनेश पुढे सरसावला. "काय मॅडम, भंगारात टाकायचा ना?"

"पंप उत्तम आहे," ती म्हणाली.

जगनरावांना वाटलं, धनेशला मिठी मारावी आणि मग मारावं.

"फक्त दाब भलताच चढवून ठेवलाय. एवढा लागत नाही. त्यामुळे नळांचे वायसर गेलेत, सगळीकडे थेंब थेंब गळतंय. नळ बंद असले तरी थेंब गळला की हा उठतो, जोर लावतो, वीज खातो आणि काम काहीच होत नाही. गरजेपुरता ठेवला तर शांत राहील. वाढवला कुणी?"

चौथ्या मजल्यावर शॉवर जोरात यावा म्हणून एका दुपारी पाना घेऊन कोण खोलीत शिरलं होतं, हे अनिताला ठाऊक होतं. ती कपांकडे बघत राहिली.

"थेंब गळला की उठतो," धनेश सावकाश म्हणाला. "जोर लावतो. काम काय नाय. मॅडम, हे पंपाचं सांगताव ना?"

बायांमध्ये पहिली अनिताच हसली. जगनराव लालबुंद झाले, आणि प्रतिक्षाने नेमका तेव्हा त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा बघून ती हसली नाही. तिने तो अनिताला दाखवला, आणि अनिताचंही हसू गेलं.

मनस्वीने पंपाचा दाब उतरवला. सभा तिथेच झाली. पंप राहिला, सेक्रेटरीही राहिले. ठराव एकच झाला, अनिताने मांडलेला आणि धनेशने उचलून धरलेला. पाना आणि खोलीची चावी इंदुबाईंकडे राहील, आणि प्रतिक्षाचं मशीनही.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला शॉवरमधून करंगळीएवढी धार आली. जगनराव कानाला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून, तीन मजले उतरले.

"इंदुबाय, चावी."

"बस आदी," इंदुबाईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि दंडाला पट्टा आवळला. मशीन फुगलं, थांबलं. त्यांनी चष्मा सावरून आकडा वाचला. "नाय उतरला. उतरला की चावी. जा, बारीक पान्यानं आंगोल कर."

सोसायटीचा सेक्रेटरी, बॉयलरवर केस पांढरे झालेला माणूस, आणि त्याला कुणी आंघोळ शिकवावी? जगनरावांनी तोंड उघडलं. इंदुबाईंनी पट्टा सोडला नव्हता. त्यांनी आकड्यावर नजर ठेवून पुन्हा बटण दाबलं.

जगनरावांनी तोंड मिटलं.